अंगावरचं माप

वैनी, तुझ्या तेराव्याला कोण कोण जेवलं ते आधी सांगते. तू असतीस तर तूही पहिल्यांदा तेच विचारलं असतंस, आणि मी सांगायला लागले की म्हणाली असतीस, "शांते, पुरे तुझी पोलीसगिरी."

आचाऱ्यानं पुरणाच्या होळिगे छान केल्या होत्या. केळीची पानं मांडली, लोक आले. लोक येतात गं, न येऊन बोलून घ्यायची कुणाची तयारी नसते. पण चिकपेटच्या काकांना हात धुतल्यावर एकाएकी एकादशी आठवली. एकादशी आदल्या दिवशीच होऊन गेली होती आणि कॅलेंडर त्यांच्या डोक्यावरच लटकत होतं. समोरच्या गौरम्मा बसल्या, भात इकडचा तिकडे केला, सांबार तिकडचं इकडे केलं आणि पान मिटलं. खाल्लं काय, तर केळं, तेही स्वतः सोलून. पानं उचलायला मी मुद्दाम गेले. मिटलेलं पान उचललं की आत किती राहिलंय ते हाताला लगेच कळतं. बहुतेक पानं जड होती.

अण्णानं ते बघितलं नाही. बघितलं असेल तर दाखवलं नाही. तुझा नवरा आणि माझा थोरला भाऊ. इतकी वर्षं एका घरात राहून त्याच्या तोंडावरून आत काय चाललंय ते मला कधी कळलेलं नाही. तुला कळत होतं का? हा रोग तुला बाटलीतल्या रक्तातून आला की त्याच्याकडून, हे तुला ठाऊक होतं का? एवढं एकच मला तुझ्याकडून हवं होतं, आणि तू ते न सांगता गेलीस. उलट जाताना मलाच एक प्रश्न विचारून गेलीस. त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं.

मी संशयी आहे हे मला मान्य आहे. ह्या घरात आले तीच तसं मन घेऊन. नवरा गेल्यावर दावणगेरेच्या सासरच्यांनी फार गोड बोलून माझी बॅग भरून दिली होती. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची मला सवय लागली. तू गोड बोलली नाहीस. कापड कापायच्या टेबलाची एक बाजू रिकामी केलीस आणि म्हणालीस, "हूक-काजाचा मला कंटाळा येतो, तू बस इथं." मला वाटलं, फुकटची कामाला बाई मिळाली म्हणून हिचं बरंच झालं. बरेच दिवस मी तसंच धरून चालले होते. मग एकदा मी तापानं पडले असताना तू केलेले काज बघितले. माझ्यापेक्षा कितीतरी सुबक होते. मला जागा करून द्यायची म्हणून तू कंटाळ्याचं नाटक केलं होतंस. त्यानंतर तुझ्याबद्दल मला संशय यायचा थांबला. म्हणजे जवळजवळ थांबला.

आपण शिंपी माणसं. कुठल्याशा लष्कराबरोबर तंबू शिवायला आपले पूर्वज इकडे आले आणि राहिले असं काका सांगतात; काका सांगतात म्हणजे खरंच असेल असं नाही. पण पेटेतल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या शिवण चाललं हे खरं, आणि अण्णानं बनशंकरीत हे छोटं घर घेतल्यावर पुढच्या खोलीत तुझं मशीन आलं. बघता बघता आजूबाजूच्या चार रस्त्यांवरच्या बायका तुझ्याकडे यायला लागल्या. रेशमी साडी कुठूनही घेवोत, ब्लाऊज सरोजम्मांकडे.

तुझा एकच नियम होता, माप अंगावर घ्यायचं. बाकीचे टेलर नमुन्याचं जुनं ब्लाऊज ठेवून घेत, अळतेला, म्हणजे मापाला म्हणून. तू घेत नव्हतीस. "जुन्या ब्लाऊजवरून माप घेणं म्हणजे फोटो बघून लग्न करणं," म्हणायचीस. "माणूस समोर उभं राहायला पाहिजे." टेप छातीभोवती गेला की प्रत्येक बाई श्वास धरते, कुणी लाजून, कुणी बारीक दिसायला. मग तू पाठीवर दोन बोटं टेकवून म्हणायचीस, "उसिरु बिडी अम्मा," श्वास सोडा. धरलेल्या श्वासाचं माप खोटं असतं. त्या मापाचं ब्लाऊज घट्ट होतं आणि नाव टेलरचं खराब होतं.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट मी किती वेळा उगाळली असेन. पिशवी काढायची ठरली आणि डॉक्टरांनी रक्त आणून ठेवायला सांगितलं. अण्णाचा गट जुळेना. माझ्याच अंगात रक्त कमी म्हणून मला परत पाठवलं. काकांच्या थोरल्याला त्याच आठवड्यात कावीळ होऊन गेली होती, जी आम्ही कुणी बघितली नव्हती. धाकट्याच्या बायकोनं दारातच सांगितलं, "रक्त दिलं तर ह्यांना अशक्तपणा येतो." शेवटी अण्णा कुठल्याशा खाजगी रक्तपेढीतून बाटल्या घेऊन आला. तेव्हा पोटासाठी रक्त विकणारी माणसं असत, ते रक्त कुणी तपासलं की नाही हे विचारायचं असतं एवढंसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं. तू बरी होऊन आलीस, आपण बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावून आलो. संपलं असं वाटलं.

मग काही वर्षांनी तुझा ताप सुरू झाला. तोंडात फोड, पोट बिघडलेलं, ताप जातोय न जातोय तोच पुन्हा. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. मला मात्र तुझ्या ब्लाऊजांवरून कळत होतं. बाजूची शिवण मी आत घ्यायची, महिन्याभरानं पुन्हा आत घ्यायची. म्हटलं, जुनी किती दिवस घालणार, नवीन शीव. तू म्हणालीस, "वरचं कापड कापू नको, आतच राहू दे. पुन्हा अंग भरलं की उसवता येईल." ते कापड मी एकदाही कापलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलात तुझं रक्त तपासलं ते तुला न विचारता. रिपोर्ट आला तो अण्णाला व्हरांड्यात सांगितला, अण्णानं मला सांगितला, आणि तुला कसं सांगायचं म्हणून आम्ही दोघं नारळपाणी हातात धरून तुझ्या खाटेजवळ उभे राहिलो. तू म्हणालीस, "एड्सच ना?" मी घाबरले. तू म्हणालीस, "काल ती सिस्टर तोंडात थर्मामीटर द्यायची, आज खाटेवर ठेवून मागं सरकते. तिच्या हाताला माझ्याआधी कळलं." आणि हसलीस. त्या वेळी तुझ्या हसण्याचा मला भयंकर राग आला होता, वैनी.

तेव्हा बस स्टँडच्या भिंतीवर कवटीचं चित्र असायचं, आठवतं? खाली मोठ्या अक्षरांत सावध राहा. लोक सावध राहिले, पण कुणापासून, तर तुझ्यापासून. रोग तुझ्या रक्तात होता आणि सावधपणा सगळ्यांच्या हातात.

ती चष्मेवाली तरुण डॉक्टर तुला समजावायला आली तेव्हा मी जवळच उभी होते. किती छान सांगितलं तिनं, तिच्या धारवाडी कन्नडात. हात लावल्यानं होत नाही, एकत्र जेवल्यानं होत नाही, डास चावल्यानं होत नाही. एकेक गोष्ट बोटांवर मोजत होती, आणि त्या बोटांवर एकावर एक दोन हातमोजे होते. ती गेल्यावर मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? हिचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास असता तर तुझी नाडी बघायला दोन मोजे लागले असते का?

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणालीस, "तिच्या डोक्याला कळलंय. हातांना अजून कळलेलं नाही. आपण मशीनला मोटर लावली तेव्हा तुझा पाय किती दिवस रिकामाच हलत होता?" मी म्हटलं, मशीनला मोटर लावणं वेगळं आणि माणसाला माणूस समजणं वेगळं. तू म्हणालीस, "माणूस जे बोलतो तिथवर हळूहळू पोचतो, शांते. वाट बघायची." मी म्हटलं, तुझ्याकडे वाट बघायला वेळ किती आहे? हे मी बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. तू तसं म्हणाली नाहीस. "खरं आहे," म्हणालीस, "म्हणून तर घाई करायला परवडत नाही." ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

घरी आलो तर पुढच्या खोलीत नमुन्याची ब्लाऊजं यायला लागली. पहिलं गौरम्मांच्या सुनेचं, कामवालीच्या हातून. "सून माहेरी गेलीय, अळतेला हे ठेवा म्हणाल्या." सून समोरच्या गॅलरीत केस वाळवत उभी होती. मग दुसऱ्या रस्त्यावरून एक आलं, मग आणखी. कुणाला वेळ नव्हता, कुणाचा पाय मुरगळला होता. कुणी एका शब्दानं वाईट बोललं नाही. आपल्या गल्लीत कुणी वाईट बोलतच नाही, फक्त माप द्यायला यायचं थांबतात. मंगळवारी देवळात तुझ्या दिव्यावरून कुणी आपला दिवा लावून घेईना. बायका लांबच्या दिव्याशी जाऊन वाकायच्या. आता विस्तवातूनसुद्धा पसरतो का गं हा, असं मी मोठ्यानं विचारलं, तेव्हा तू माझा पदर ओढलास.

ही बातमी फोडली कुणी, हे मी अजून शोधतेय. हॉस्पिटलातल्या क्लार्कची बहीण पलीकडच्या रस्त्याला राहते. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला तुझ्या गोळ्या ठाऊक होत्या. काकांना अण्णानं विश्वासानं सांगितलं होतं, आणि काकांचा विश्वास म्हणजे फुटकं मडकं. माझा जास्त संशय काकांवर आहे.

तू नियम मोडला नाहीस. नमुन्याची ब्लाऊजं परत पाठवलीस. मशीन दिवसचे दिवस बंद राहायला लागलं आणि तू टेप गळ्यात घालून खिडकीशी बसून राहायचीस. ते मला बघवेना. मग मी ती रक्ताच्या बाटलीची गोष्ट बाहेर काढली.

भाजीवाल्याकडे, देवळात, दळणाला गेले तिथं, मी सगळ्यांना सांगितलं: आमच्या वैनीला ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या रक्तातून आला, तिचा काय दोष? आणि काय सांगू, लोकांचे चेहरे असे सैल झाले! "अय्यो पापा, बिचारी," म्हणायला लागले. पाप कुणाचं नाही हे एकदा कळलं की लोकांना दया करायला सोपं जातं. काका तर सभेत बोलल्यासारखे बोलायचे, "आमच्या सरोजाला बाटलीतनं आला, बाकी काही नाही." ज्या घरातून रक्ताचा थेंब निघाला नाही त्या घरानं ही बाटली डोक्यावर घेऊन नाचवली. त्या "बाकी काही नाही"चा मला संताप यायचा, तरी मी गप्प बसायची, कारण गल्लीतल्या दोन-तीन बायका पुन्हा तुझ्याकडे बघून हसायला लागल्या होत्या.

दुसऱ्यांदा तुला वॉर्डात ठेवलं तेव्हा शेजारच्या खाटेवर रत्ना होती. मार्केटच्या मागच्या गल्लीतली. तिच्याकडे कुणी येत नसे आणि ती कशी आजारी पडली हे कुणी विचारतही नसे, सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. तुला भेटायला काकू आल्या, तोंडाला पदर लावून. मी सवयीनं सुरू केलं, बाटली, ऑपरेशन, बिचारीचा काय दोष. मुद्दाम जरा मोठ्यानं, सिस्टरच्याही कानावर जावं म्हणून. तेवढ्यात रत्ना भिंतीकडून वळली आणि कन्नडात म्हणाली, "अक्का, मलापण बाटलीतनंच आला म्हणून सांगा की. तुमचं काय जातंय?"

काकू उठूनच गेल्या. मला हसावं की ओरडावं कळेना. तू मात्र तिच्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "सरी, बरं, सांगते." आणि सिस्टर सलाईन बदलायला आली तेव्हा तू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "सिस्टर, हिलापण बाटलीतनंच." रत्ना इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली, आणि तू हात लांब करून तिची पाठ चोळलीस.

त्या दिवसानंतर बाटलीचं नाव तू काढलं नाहीस, मलाही काढू दिलं नाहीस. "माझा दोष नाही म्हटलं की तिचा आहे असं होतं," म्हणालीस. मी म्हटलं, ती आपली कोण? तू म्हणालीस, "शेजारीण." मी पुष्कळ वाद घातला. गिऱ्हाईक परत तुटेल म्हटलं, लोकांना सांगायला काहीतरी लागतं म्हटलं. तू नुसतं ऐकून घेतलंस. तुझं हे ऐकून घेणं मला भांडणापेक्षा जास्त लागायचं.

आणि बाटली बाजूला झाल्यावर माझ्या डोळ्यांपुढं राहिला तो अण्णाच.

बाटली होती हे खरं. पण साड्यांच्या ऑर्डरी घेत अण्णा सेलम, हुबळी, सोलापूर फिरायचा हेही खरं. आठ-आठ दिवस लॉजवर राहायचा. आपल्याच भावाबद्दल हे मनात आणताना मला काय होत होतं ते मलाच माहीत. आपलेच दात, आपलेच ओठ. डॉक्टर म्हणाली होती की ह्यांचंही रक्त तपासायला हवं. अण्णा "पुढच्या आठवड्यात" म्हणाला. मग त्याच्या साड्यांच्या दुकानात स्टॉक आला, मग दसऱ्याची गर्दी, मग दिवाळीची. पुढचा आठवडा पुढंच राहिला. मी त्याच्या जेवणाकडे बघायची, खोकल्याकडे बघायची. शर्ट धुवायला टाकला की कॉलर बघायची. काय सापडेल असं मला वाटत होतं, देव जाणे.

तुला मी दहा वेळा सांगितलं असेन की त्याला घेऊन जा, तपासणी कर. त्या दुपारी वीज गेली होती, तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस आणि मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू विचारलंस, "तपासून काय होणार? मी बरी होणार?"

"खरं काय ते कळेल."

"आणि त्याच्यामुळेच आला असं कळलं तर?"

तू पाय जवळ घेतलास.

"शांते, मी काही दिवसांची. नंतर ह्या घरात तुम्ही दोघंच. खरं कळल्यावर तू त्याला ताट वाढशील? त्याला ताप आला तर कपाळावर हात ठेवशील? ते आधी सांग. मग मी त्याला आज पाठवते तपासायला."

मी तेलाची वाटी उचलून आत गेले. खोटं बोलणं मला जमलं असतं, पण तुझ्याशी नाही.

म्हणून मला संशय आहे की तुला ठाऊक होतं. झाकली मूठ तू माझ्यासाठी झाकून ठेवली होतीस, त्याच्यासाठी नाही. की तुलाही ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची भीती तुलाच होती? कधी एक वाटतं, कधी दुसरं. तुझ्यावर रागावून झालं की तुझी कीव येते, कीव करून झाली की पुन्हा राग.

आता त्या डॉक्टरच्या ब्लाऊजचं बोलते, कारण त्या बाबतीत तू जिंकलीस असं तू समजत होतीस आणि मी मान्य केलं नव्हतं. घरी सोडताना ती पुन्हा बोटांवर मोजायला लागली. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, हात लावल्यानं होत नाही ना? मग आमच्या वैनी ब्लाऊज फार चांगलं शिवतात. माप द्यायला घरी या." तिचा चेहरा उतरला. तू मला डोळ्यांनी दटावलंस. मला वाटलं, संपलं, आता ही नजरेलाही नजर देणार नाही.

आणि रविवारी सकाळी ती आली! पिशवीत निळं ब्लाऊजपीस, पत्ता शोधत आलेली, घामाघूम. तू तीन दिवसांनी खाटेवरून उठलीस. पदर खोचलास, टेप गळ्यातून काढलास. मी दाराशी उभी राहून बघत होते. दंडाला टेप लावलास तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. छातीला लावलास तेव्हा तिनं श्वास धरला. तू पाठीवर दोन बोटं टेकवलीस, म्हणालीस, "उसिरु बिडी अम्मा." तिनं हो म्हटलं, आणि सोडला नाही. तू पुन्हा म्हणाली नाहीस. आकडा मला सांगितलास तो टेपवरच्यापेक्षा वाढवून सांगितलास.

ती गेल्यावर मी म्हटलं, बघितलंस? शेवटपर्यंत श्वास धरून होती. लाजेखातर आली ती, मी टोमणा मारला म्हणून. तू टेबलाला धरून खाली बसत म्हणालीस, "आली ना? श्वास ती घरी जाऊन सोडेल. म्हणून मी सैल धरलंय." ब्लाऊज तिला चपखल बसलं म्हणे. तुझं ते शेवटचं ब्लाऊज. मला अजून वाटतं, ती लाजेखातरच आली होती. पण लाजेखातर तरी कोण आलं होतं, असं आता कधी कधी मनात येतं. वॉर्डात तिच्या दोन मोज्यांचा एक झाला होता, हेही मी तुला सांगितलं नव्हतं. बघितलं मात्र होतं.

तू गेलीस तेव्हा ती ड्यूटीवर नव्हती. वॉर्डातल्या माणसांनी तुला प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीनं बांधलं आणि उघडायचं नाही म्हणाले. सवाष्ण गेलेली बाई, तिला न्हाऊ घालायचं, हिरवी साडी नेसवायची, चुडा भरायचा, ह्यातलं काही होऊ दिलं नाही. मी भांडले. डॉक्टर म्हणतात हात लावल्यानं होत नाही, मग हे काय? "नमगे गोत्तिल्ला अम्मा, रूल्स," आम्हाला ठाऊक नाही, एवढंच उत्तर. कुणाच्या शास्त्रात हा नियम होता तेवढं तरी मला कुणीतरी सांगावं. शेवटी हिरवी साडी प्लास्टिकवरूनच पांघरली. तिच्यावरचं ब्लाऊज मी तुझ्या नव्या मापानं शिवून ठेवलं होतं. ते माझ्याकडेच राहिलं. कपाटात तुझ्या कात्रीखाली आहे.

हे सगळं तुला ठाऊकच आहे म्हणशील. आता ठाऊक नाही ते सांगते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात जायला निघाला आणि पुन्हा मागे फिरला. मी पुढच्या खोलीत तुझं मशीन पुसत होते. तो दाराशी उभा राहिला. हातात दोन पँट होत्या. एक रोजची, करडी. दुसरी तपकिरी, खाली पसरट, तुमच्या लग्नातली, जिच्यावरून आपण दोघी त्याला किती चिडवायचो.

"शांते, ह्या पँटची कंबर स्वल्प आत घेशील? बेल्ट लावला तरी ओघळते."

"किती घेऊ?"

त्यानं तपकिरी पँट टेबलावर ठेवली. "अळतेला ही घे. ही बसते आता."

मी त्या पँटकडे बघितलं. दुःखानं माणूस वाळतो, वैनी, मला ठाऊक आहे. पण दुःखानं माणूस पंचविशीतल्या पँटमध्ये जात नाही. आणि हे काही तेरा दिवसांत झालेलं नव्हतं. मी त्याचं ताट बघत होते, खोकला बघत होते, कॉलर बघत होते. तो सैल शर्ट बाहेर सोडून फिरत होता आणि शिंप्याच्या घरातल्या दोघी बायकांना पत्ता लागू दिला नव्हता. की एकीला लागला होता? टेबलापासून तो दोन हात लांबच उभा होता. माझ्या जवळ यायचं टाळत होता. नमुना ठेवून निघून जायचं होतं त्याला, गौरम्मांच्या कामवालीसारखं.

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. कधीपासून? कुठल्या गावचं? तिला सांगितलं होतंस का? एवढ्या महिन्यांचा संशय असा समोर येऊन उभा राहिला होता की एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. मला वाटत होतं की त्या क्षणी मला बरं वाटेल. नाही वाटलं. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या मानेचं हाड कॉलरमधून वर आलेलं दिसत होतं, लहानपणी दिसायचं तसं.

मी तपकिरी पँटची घडी घालून बाजूला ठेवली. खिळ्यावरचा तुझा टेप काढला.

"इकडे ये. उभा राहा."

"नको शांते. बेडा. त्यावरूनच घे."

"ह्या खोलीत नमुन्यावरून माप घेत नाहीत. ये."

तो आला. मी त्याचा शर्ट वर केला आणि कमरेभोवती टेप घातला. टेप धरताना बोटं त्याच्या अंगाला लागू दिली नाहीत, ते भीतीनं की रागानं, मला विचारू नकोस. माझ्या हातांनाही कळायला वेळ लागणार आहे. त्यानं श्वास धरला होता. सगळं अंग ताठ, पोट आत ओढलेलं. मी त्याच्या पाठीवर दोन बोटं टेकवली.

"श्वास सोड, अण्णा."

त्यानं सोडला नाही. मी तशीच उभी राहिले, बोटं काढली नाहीत. बऱ्याच वेळानं त्यानं सोडला, आणि सोडताना तो असा रडला की टेप माझ्या हातातून निसटला आणि मला तो पुन्हा घालावा लागला.

आकडा मी बघितला, वैनी. बघितल्याशिवाय राहणारी मी नव्हे. मग आत गेले आणि दोघांची ताटं वाढली.